कार्ड येईपर्यंत

माझे यजमान गेल्यावर त्यांच्या नावावरच्या गोष्टी एकेक करून बंद कराव्या लागल्या. रेशन कार्डावरचं नाव कमी केलं, गॅस माझ्या नावावर करून घेतला, बँकेतलं खातं बंद करायला दिलं. त्यांचं क्रेडिट कार्डही परत केलं. बँकेतल्या शिपायानं ते माझ्यासमोर कात्रीनं कापलं आणि दोन्ही तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले. एक काम संपलं असं वाटून मी संध्याकाळच्या बसनं घरी आले. त्या कार्डाच्या जोरावर काय उभं होतं ते त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं नाही. आलं असतं तरी फरक पडला नसता. मेलेल्या माणसाचं कार्ड कोण चालू ठेवील?

ते शिक्षक होते. कुंभारवाडा गावाच्या पलीकडे रानात तीन घरं इथे, पाच घरं तिथे अशा वाड्या पसरल्या आहेत, तिथल्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी केली. मी खानापूरकडची. मराठीत एम. ए. केलं, लग्न होऊन इथे आले, आणि शाळेतलं पुस्तकांचं कपाट सांभाळण्यापलीकडे काही नोकरी केली नाही. त्या कपाटाचा पगार नव्हता. वाडीतले लोक त्यांना मास्तर म्हणत आणि मला मास्तरीणबाय. मीही मनातल्या मनात त्यांना मास्तरच म्हणत असे, म्हणून इथेही तसंच लिहिते.

मास्तरांना इथल्या बोलीतले शब्द गोळा करायचा नाद होता. आमच्या भागातले कुणबी बोलतात त्यात मराठी आहे, कोकणी आहे, कानडी आहे, आणि या तिन्हींत न सापडणारंही पुष्कळ आहे. डोंगर जाळून नाचणी पेरायची कुमरी शेती केव्हाच बंद झाली, पण तिचे शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिले होते. कंदांच्या जाती, ते खणायच्या काठ्या, पाण्याचे आवाज, जनावरांच्या वाटा, सोयरिकीतली नाती. शाळा सुटली की मास्तर कुणाच्या तरी ओसरीवर जाऊन बसत, फोन पुढे ठेवत आणि बोलायला लावत. शनिवारी दुपारी तालुक्याला, जोयड्याला, जाऊन ते सगळं इंटरनेटवर चढवत. संकेतस्थळ त्यांनी स्वतःच शिकून केलं होतं. डावीकडे शब्द, शेजारी मी नीट करून दिलेला अर्थ, आणि खाली एक लहानसं बटण. बटण दाबलं की तो शब्द सांगणारं माणूस बोलू लागे. नुसता शब्द नाही. तो कधी वापरायचा, कुणी वापरला, त्यावरून कुणाचं कुणाशी वाजलं, हे सगळं. मागे बहुतेक वेळा कोंबडा ओरडत असे.

त्यातली बहुतेक सगळी माणसं मास्तरांच्या आधीच गेली. कुणाचा फोटोसुद्धा नाही, आधार कार्डावरचा असेल तेवढाच. पण ती माणसं तिथे बोलत होती. बेळगावात, गोव्यात कामाला गेलेली त्यांची नातवंडं फोनवर ते ऐकतात, असं मास्तर सांगत. सांगताना त्यांना आनंद होई तो लपवायला ते चष्मा पुसत.

ती सगळी सामग्री परदेशातल्या एका कंपनीच्या जागेत ठेवलेली होती. वर्षाचं भाडं मास्तरांच्या कार्डावरून आपोआप जाई. कार्ड बंद झालं, भाडं गेलं नाही. मास्तरांचा फोन माझ्याकडे होता. त्यावर इंग्रजीत एक पत्र आलं. मी ते दोनदा वाचलं. भाडं न मिळाल्यामुळे जागा बंद केली आहे, दिलेल्या तारखेपर्यंत न भरल्यास आतलं सगळं पुसून टाकण्यात येईल. ती तारीख दिवाळीनंतरच्या आठवड्यात येत होती. मास्तर श्रावणात गेले होते. गौरी-गणपती नुकतेच झाले होते, म्हणजे आमच्या घरी झाले नव्हते, इतरांकडे झाले होते.

त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर शब्दांची एक प्रत निघाली, ती पहिल्या काही वर्षांची, अर्धवट. आवाज एकही नव्हता. फोन भरला की ते जुने आवाज पुसत आणि नवे घेत. वर ठेवलेत की, असं म्हणत.

मी कंपनीला पत्र लिहिलं. मृत्यूचा दाखला पाठवला, लग्नाचा दाखला पाठवला. त्यांनी मला वारस म्हणून मान्य केलं, एवढं मात्र लवकर झालं. पण भाडं माझ्याच नावाच्या कार्डावरून यायला हवं होतं. माझ्या बँकेचं डेबिट कार्ड परदेशी चालत नव्हतं. बेळगावच्या भाच्यानं स्वतःचं क्रेडिट कार्ड वापरून पाहिलं, तेही परत आलं, कारण नाव जुळेना. तेव्हा मला क्रेडिट कार्ड काढायचं होतं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, पहिलं.

जोयड्याच्या बँकेत कर्जाच्या टेबलाला एक तरुण अधिकारी बाई होती, धारवाडकडची. ती कानडीत बोलत होती आणि मी माझ्या मोडक्यातोडक्या कानडीत. तिनं माझा पॅन क्रमांक घेतला, संगणकात घातला, वाट पाहिली. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिथे आकडा यायला हवा होता तिथे एक छोटी आडवी रेघ होती.

"नोंदच नाही, अम्मा," ती म्हणाली. "कर्ज बुडवणाऱ्याचासुद्धा काहीतरी आकडा असतो. तुमचं काहीच नाही."

मी म्हटलं, मी कधी कर्ज घेतलं नाही. ती म्हणाली, तेच तर. तिचा सूर चांगला होता, तिला वाईट वाटत होतं. तिनं समजावून सांगितलं की बँकेला माणूस फेडतो की नाही हे बघायचं असतं, आणि ज्यानं घेतलंच नाही तो फेडील की नाही हे कसं कळणार. पेन्शन माझ्या नावानं सुरू व्हायची होती, म्हणजे उत्पन्नही दाखवता येईना. घर मास्तरांच्या वडिलांच्या नावावर. विजेचं बिल मास्तरांच्या. फोनचं सिमसुद्धा त्यांनीच स्वतःच्या कागदांवर घेतलं होतं. मी त्या खुर्चीत बसून एकेक आठवत गेले आणि जिथे हात घातला तिथे मी नव्हते. तीस वर्षं मी त्या घरात राहिले होते. किराणा, दळण, रॉकेल असायचं तेव्हा रॉकेल, शाळेच्या मुलांसाठी पुस्तकं, आलेगेले, आजारपणं, सगळं माझ्या हातून गेलं होतं आणि कुणाचं काही देणं राहिलं नव्हतं. ते सगळं कुठेच नोंदलेलं नव्हतं.

त्या बाईनंच दांडेलीच्या एका खाजगी बँकेचं नाव सांगितलं. तिथे पेन्शनच्या मंजुरीचं पत्र चालतं, इतिहास नसला तरी ते कधीकधी देतात, फक्त फोन करून खात्री करून घेतात. मी दांडेलीला गेले. अर्ज भरला. घर क्रमांक लिहायच्या चौकटीत काय लिहावं कळेना, आमच्या घरांना क्रमांक नाहीत. तिथल्या मुलानं 'शाळेजवळ' असं लिहिलं. फोन येईल, तो तेवढा उचला, दोनच प्रश्न असतात, असं त्यानं तीनतीनदा बजावलं.

इथे फोनची गोष्ट सांगायला हवी. आमच्या वाडीत रेंज नाही. वाडीच्या वर, रस्त्याच्या वळणावर एक ऐनाचं झाड आहे, तिथे येते. म्हणून बरेच लोक सकाळी शेताला जाताना आपापला फोन कापडी पिशवीत घालून त्या झाडाच्या खिळ्यांना अडकवून जातात. पावसात वर प्लास्टिक. फोन वाजला की जो जवळ असेल त्यानं उचलायचा, कोण, काय, ते विचारायचं आणि निरोप घरी पोचवायचा. फोन कुणाचा हे कुणी बघत नाही. एकाच्या मुलीचं लग्न दुसऱ्यानं त्या झाडाखाली ठरवून टाकलं आणि बापाला मागाहून कळवलं, असं लोक हसत सांगतात. ते खरंही असेल. चोरी कधी झाली नाही. निरोप न पोचवल्याचंही मी ऐकलेलं नाही.

मास्तरांचं वर्ष सरायचं होतं. वर्ष सरेपर्यंत विधवेनं वळणावर जाऊन बसायचं नसतं. गावाला जावं, कामाला जावं, पण चारचौघांच्या जागी उगाच थांबू नये, असं इथे धरतात. मला कुणी अडवलं नसतं. पण त्या झाडाखाली दिवसभर बसून राहायचं मलाच नको होतं. जाणारा येणारा थांबला असता, मास्तरांबद्दल बोलला असता. मी रोज सकाळी जाऊन फोन अडकवून येत होते आणि दुपारी एकदा जाऊन बघत होते.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी शेजारचे अण्णा ओसरीवर आले. अण्णा म्हणजे वाडीतले वयानं सगळ्यांत थोर. मास्तरांच्या शब्दांतला मोठा भाग अण्णांचा होता, आणि त्यांच्या बायकोचा, जी चार वर्षांपूर्वी गेली. मास्तर गेले त्या दिवशी लाकडं फोडायला सगळ्यांत आधी अण्णा उभे राहिले होते. आज ते खूश दिसत होते. माझा फोन पिशवीसकट त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

"मास्तरीणबाय, तुज्या फोनावर मानसं हुती. वसुलीची."

मी विचारलं, काय म्हणत होती.

"म्हनत हुती, ह्या बाई हितंच ऱ्हात्यात न्हवं. म्या म्हटलं व्हय, तुमाला काय करायचं हाय? तर म्हनाली, दांडेलीच्या बँकेतनं बोलतोय, त्यांच्यावर काय कर्ज हाय का. म्या म्हटलं, आयक. त्या घरानं कुनाचं पाच पैसं ठेवल्यालं न्हाईत. मास्तर जाऊन दोन म्हयनं झालं न्हाईत आनि तुमी बाईमानसाच्या मागं लागलाय?"

"मग?"

"मंग म्हनाली, बाईंनी कार्डाचा अर्ज केलाय, ते खरं का. म्या म्हटलं, साफ खोटं. ती असलं काय करायची न्हाई. तुमीच कुनीतरी तिच्या नावावर कायतरी घुसडताय. पुन्ना फोन केलासा तर दांडेलीस येऊन तुमच्या हापिसात बसतो, म्हटलं." अण्णांनी तोंडातलं पान एका बाजूला सारलं. "गप झालं. ठेवला फोन."

ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी आणखी सांगितलं, की टीव्हीवर दाखवतात, माणूस मेलं की त्याच्या बायकोला असे फोन करतात आणि भिववून पैसे काढतात. मी घाबरू नये. असला फोन आला तर कुणीही असो, असंच सांगायचं, हे त्यांनी झाडाखाली बाकीच्यांनाही बजावून ठेवलं होतं.

"बरं केलंत, अण्णा," मी म्हटलं.

दुसरं काय म्हणणार? त्यांना बसायला सांगून मी चहा ठेवायला आत गेले आणि चुलीपुढे बराच वेळ बसून राहिले. दूध उतू गेलं. ओसरीवरून अण्णांनी हाक मारून विचारलं, करपलं का काय गे. मी म्हटलं, थोडं.

दुसऱ्या दिवशी वळणावर जाऊन दांडेलीच्या बँकेला फोन लावला. अर्जदारानं अर्ज केल्याचं नाकारलं, अशी नोंद झाली होती. मी म्हटलं, मी नाही नाकारलं, शेजाऱ्यानं नाकारलं. पलीकडच्या मुलीनं विचारलं, शेजाऱ्याकडे तुमचा फोन कसा? मी झाडाचं सांगू लागले. सांगता सांगता माझ्याच कानाला ते खोटं वाटायला लागलं. ती म्हणाली, मॅडम, आता सहा महिने पुन्हा अर्ज करता येणार नाही.

अण्णांना हे मी सांगितलं नाही, आणि आजवर सांगितलेलं नाही. त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं, असं पुष्कळदा वाटतं. राग आला असता तर निदान धरायला काही मिळालं असतं. त्यांनी माझी अब्रू राखली होती. इथे अब्रू म्हणजे जे आहे ते त्यांनी त्या फोनवर एकेक करून सांगितलं होतं आणि त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. बँकेत बसून मी जे सांगू शकले नव्हते ते अण्णांनी सांगितलं, आणि त्यानंच सगळं गेलं.

मी पुन्हा जोयड्याला गेले. धारवाडच्या बाईनं आता दुसरा मार्ग काढला. मुदत ठेव ठेवली तर तिच्या तारणावर कार्ड मिळतं, त्याला इतिहास लागत नाही. हे आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं नाही. मास्तरांची ठेव माझ्या नावावर व्हायला वेळ लागणार होता आणि माझ्याकडे दुसरे पैसे नव्हते हे तिला ठाऊक होतं. माझ्या भावानं खानापूरहून रक्कम पाठवली. त्यानं विचारलंही नाही कशासाठी ते. ठेव झाली, अर्ज झाला, पत्त्यात पुन्हा 'शाळेजवळ' एवढंच, आणि तो बेंगळुरूला गेला. दसरा आला. बँका बंद, मग सर्व्हर बंद, मग जिची सही हवी ती बाई रजेवर.

त्या दिवसांत मी रोज घरी पत्र जुळवून, झाडाशी जाऊन ते कंपनीला पाठवत होते. मुदत वाढवा, कार्ड येतंय. प्रत्येक पत्राला त्याच क्षणी उत्तर येई, आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर. तिकडे कुणी वाचत नाही हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, तरी मी लिहीत राहिले. इंग्रजीत लिहिताना मी फार सांभाळून लिहिते. एकेक वाक्य जुळवायला वेळ जातो. त्या वेळात निदान काहीतरी करते आहे असं वाटे. एकदा मी त्या पत्रात इथल्या म्हाताऱ्यांबद्दल लिहिलं, की त्यातले कितीजण आता नाहीत. पाठवल्यावर मला स्वतःची लाज वाटली. उत्तर तेच आलं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी बँकेतून निरोप आला की कार्ड निघालं आहे. मी दिवाळीभर वाट पाहिली. इतरांच्या अंगणात आकाशकंदील लागले होते. आमच्या ओसरीवर शेजारणींनी फराळाची ताटं आणून ठेवली, ज्या घरी दुखवटा असतो तिथे आणून ठेवतात तशी. कार्ड आलं नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की ते जोयड्यापर्यंत येऊन परत गेलं होतं. पाकिटावर शिक्का, पत्ता अपुरा. शाळेजवळ म्हणजे कुठल्या शाळेजवळ? तालुक्यात रानातल्या शाळा थोड्या नाहीत.

ते पुन्हा निघालं. या वेळी मी बँकेच्याच पत्त्यावर मागवलं आणि रोज सकाळच्या बसनं जोयड्याला जाऊन बँकेच्या पायरीवर बसू लागले. शिपाई मला ओळखू लागला. तो लांबूनच हातानं नाही म्हणून खुणावी, मला पायऱ्या चढायला लागू नयेत म्हणून. मग मी बसस्टँडच्या बाकावर संध्याकाळच्या बसची वाट बघत बसत असे. सोबत पुस्तक नेत असे. एक पानही पुढे गेले नाही.

तारीख उलटून गेली. त्यानंतर कार्ड आलं.

निळं होतं, त्यावर माझं नाव इंग्रजीत उठावदार अक्षरांत छापलं होतं. बोट फिरवलं तर लागत होतं. धारवाडच्या बाईनं अभिनंदन केलं आणि सल्ला दिला की आता दर महिन्याला थोडं थोडं वापरा आणि वेळेवर भरा, म्हणजे तुमचा इतिहास तयार होईल. ती मनापासून बोलत होती. मी तिथेच, तिच्या टेबलासमोर, फोनवर कंपनीचं पान उघडलं. सोळा आकडे भरले. कार्ड चाललं, पैसे लगेच स्वीकारले गेले. मग नवी जागा उघडली. स्वच्छ, पांढरी, रिकामी. वर लिहिलं होतं, स्वागत आहे, इथे आपलं काहीतरी सुरू करा.

जुनी सामग्री परत मिळेल का, असं मी लिहिलं. या वेळी खऱ्या माणसानं उत्तर दिलं, दोन दिवसांनी. खेद आहे, पुसलेलं परत आणता येत नाही.

काही दिवस मी हे कुणाला सांगितलं नाही. घरात मास्तर गेल्यावर जो आवाज बंद झाला होता त्याच्या नसण्याची सवय व्हायला लागली होती. आता त्यात या सगळ्यांचा बंद झालेला आवाज मिसळला. मी लॅपटॉपवरची अर्धवट प्रत उघडून बसे आणि जिथे ती संपते तिथून पुढे आठवू लागे. अर्थ मला पुष्कळ आठवत होते, कारण ते माझ्या हातून गेले होते. मी ते प्रमाण मराठीत, स्वल्पविराम देऊन, नीटनेटके लिहिले होते. शब्द मात्र मास्तरांच्या बाजूचे होते. अर्थ समोर दिसे आणि त्याच्या डाव्या बाजूला काही नसे.

भात कापून झाल्यावर एका संध्याकाळी अण्णा सहज आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. मास्तरांनी ठेवलेलं सगळं गेलं. सगळ्यांचं बोलणं.

अण्णांना ते समजायला वेळ लागला. त्यांनी विचारलं, मशीन बिघडली का. मी म्हटलं, नाही, पुसलं. मग त्यांनी पान काढलं, चुना लावला, आणि पान तसंच हातात धरून राहिले.

"मंग सांगाय पायजे," शेवटी ते म्हणाले. "ज्येंची मानसं हुती त्येंस्नी."

मी म्हटलं, झाडापाशी सांगू, पोचेल सगळ्यांना.

"मरनाची बातमी झाडापाशी सांगत्यात व्हय?"

आमच्याकडे मरण फोनवर कळवत नाहीत. फोन आले तरी ती रीत मोडली नाही. दोन माणसं पायी जातात, एकट्यानं जायचं नाही. अंगणाच्या कडेला उभं राहून सांगायचं, घरात शिरायचं नाही, पाणी घ्यायचं नाही, पुढच्या घरी चालू लागायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा काठी घेऊन दारात उभे होते. माझं वर्ष सरलेलं नाही याची मी त्यांना आठवण करून दिली. ते म्हणाले, ह्येला चालतंय.

पहिल्या घरी एक सून अंगणात भात वाळत घालत होती. अण्णांनी सांगितलं, तुझ्या सासऱ्याचं बोलणं मास्तरांनी ठेवलं होतं ते गेलं. तिनं हातातलं फावडं खाली ठेवलं आणि डोक्यावर पदर घेतला. कधी, म्हणून विचारलं. दिवाळीनंतर, मी म्हटलं. तिनं मान हलवली. पुढच्या घरी मुलगा होता. तो हसला, म्हणाला, बाबा जितं असताना त्यांचं कोण ऐकत होतं. हसून झाल्यावर तो गोठ्याकडे निघून गेला आणि आम्ही तिथून हलेपर्यंत बाहेर आला नाही. तिसरं घर बंद होतं, सगळी गोव्याला. अण्णांनी बंद दाराकडे तोंड करून तेच सांगितलं.

रानाच्या कडेला एका घरी माणसानं विचारलं, घालवलं कुणी? अण्णा माझ्याकडे बघायला लागले. त्यांनाही ते जाणून घ्यायचं होतं.

"बँकेला माझी ओळख पटली नाही," मी म्हटलं.

अण्णांनी बँकेला शिवी दिली. तो माणूसही बँकेला शिव्या देऊ लागला, त्याच्या पीक विम्याचं काहीतरी होतं. आम्ही पुढे निघालो.

ओढ्यापलीकडे जी म्हातारी राहते ती एकटीच त्या आवाजांतली अजून चालतीबोलती होती, अण्णा सोडून. ती कंद सोलत बसली होती. अण्णांनी तिला सांगितलं की तुझं बोलणं गेलं. तिला हसू आलं. ती म्हणाली, मी हितं हाय की अजून, परत बोलते, काढ तुजा फोन.

मी फोन काढला. तिच्यापुढे धरला. ती माझ्याकडे बघत राहिली.

"काय बोलू?"

मी म्हटलं, मास्तरांना सांगितलं होतं तेच.

"त्यो इचारायचा," ती म्हणाली. "त्येनं इचारलं की मला येयाचं. तू इचार."

मी पुष्कळ आठवलं. मग विचारलं, भात मळून, पाखडून झालं, सगळं घरात नेलं, की खळ्यात शेवटची जी एक मूठ पाखरांसाठी ठेवायची, तिला काय म्हणतात? हा अर्थ मी स्वतः लिहिला होता. त्यातलं 'पाखरांसाठी' हे मीच घातलं होतं, मास्तरांनी आधी 'चिमण्यांसाठी' लिहिलं होतं आणि आम्ही त्यावर वाद घातला होता.

म्हातारीनं सुरी थांबवली. ओठ हलले. तिनं अण्णांकडे पाहिलं. अण्णा ओढ्याकडे बघत विचार करत होते. फोनवर सेकंद पुढे जात होते, त्यात ओढ्याचं पाणी येत होतं.

"व्हता येक सबूद," म्हातारी म्हणाली. "तुज्या बायकुला ठावं हुता, अण्णा."

अण्णांनी होकार दिला. मी फोन बंद केला. म्हातारी पुन्हा सोलू लागली, पण साल जाड निघत होती.

"चल, बाय," अण्णा म्हणाले. "अजून तीन घरं हायत."